रांगेतली रिकामी कळशी

मी एक पुठ्ठ्याचा तुकडा बोलतोय. पंज्याएवढा, कडा झिजलेला. माझ्यावर एक रिकामी कळशी काढलेली आहे, आडवी पडलेली. अक्षर मात्र एकही नाही. ज्यांच्यात मी राहिलो त्यांनाही अक्षर येत नव्हतं, त्यामुळे आमचं बरं जमलं. सावकाश सांगतो. पुठ्ठ्याला कसली घाई?

माझा जन्म महाडच्या बाजारपेठेतला. महमूदभाईंच्या कापडाच्या दुकानात मी शर्टाच्या खोक्याचं झाकण होतो. सत्त्याण्णव साल असावं. निशिगंधाताई नावाची एक मुलगी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन बायकांच्या मंडळांशी बोलायची. बायका पुष्कळ बोलत, पण मनातलं तेवढं मनातच ठेवत. म्हणून तिने ठरवलं, चित्रं मांडायची. जिच्या मनात जसं असेल तसं चित्र तिने उचलावं, आणि मग काय बदलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं.

चित्रं काढली महमूदभाईंच्या घरच्या महरुन्निसाभाभींनी. मेंदी काढणारा हात तो. दिवा, बहरलेलं झाड, गाठ पडलेली दोरी, बसकण मारलेला बैल, भरलेली कळशी, सगळं भराभर झालं. माझ्यापाशी मात्र त्या अडल्या.

"रिकामी दाखवायची कशी गो?" त्या ताईला म्हणाल्या. "भायेरून भरलेली नि रिकामी सारखीच दिसते."

मग त्यांनी मला आडवं पाडलं. त्यांचं ते बोलणं माझ्या अंगात मुरलं आहे.

आम्ही गेलो ती वाडी अकरा घरांची. चैत्र सरत आला होता आणि वाडीला पाणी एकाच झऱ्याचं. वाटीवाटीने उपसायचं, कळशी भरायची, मग पुढचीने वाट बघत बसायचं. ऊन चढलं की झरा दमायचा आणि तळाला गढूळ राहायचं.

ठकूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने अंगणात आपली घोंगडी अंथरली. ताईने आम्हाला तिच्यावर मांडलं आणि विचारलं, पाण्याचं तुमचं कसं चाललंय? ओटीवर वाडीतले जाणते हैबती बसले होते. ते म्हणाले, आमच्यात भांडणतंटा काय नाय, तुम्ही आधी चहा घ्या.

बायकांनी दिवा उचलला, झाड उचललं. भरलेल्या कळशीसाठी तर दोघींची ओढाओढ झाली. आवडी नावाच्या नव्या सुनेचा हात माझ्याकडे वळला, तोच तिच्या सासूने, बनुबाईने, तो हलकेच मागे ओढला.

"ठेव ती. दारात पाहुणी बसलीय नि रिकामी कळशी दाखवतेस?"

ताईला ते ऐकू गेलं नाही. तिने वहीत टिपलं की सगळं मंडळ समाधानी आहे. मला जरा वाईट वाटलं. पाणी नाही हे सांगायलाच तर मला काढलं होतं, आणि पाहुणीसमोर अपशकुन नको म्हणून मलाच कोणी शिवेना. आवराआवरीत मी घोंगडीच्या घडीत राहून गेलो.

ठकूबाईने मला कोनाड्यात ठेवलं. महिनाभर मी तिच्याकडे होतो. म्हातारी एकटी. बोलायची ती शेळीशी, आणि मी ऐकायचो. अंधार असतानाच ती झऱ्यावर जायची, सगळ्यांच्या आधी. परत यायची ती ऊन डोक्यावर आल्यावर, अर्ध्या कळशीने, तेही गढूळ. निम्मं शेळीला, निम्मं आपल्याला. एकदा तिने पेटीतली लुगडी काढून गाठोडं बांधलं. शेळीला म्हणाली, सोमवारी नाते गावाला जायचं लेकीकडे, आता इथं भागत नाय. वाडीत मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जन्म तिथं गेलेला; सोडून जायचं म्हणजे थोडं का असतं? गाठोड्याची गाठ ती रोज सोडायची आणि रोज बांधायची.

त्या सोमवारच्या आधी ताई पुन्हा आली. ठकूबाईने मला पदरातून काढून तिच्या हातात दिलं. माझ्यावरून बायका हसल्या, आणि हसता हसता बनुबाईने अपशकुनाचं सांगून टाकलं. ताईचा चेहरा पडला. महिनाभर ती वहीतलं खरं धरून बसली होती.

ठकूबाई हळूच म्हणाली, "दारात वाईट दिसते, बाय. पर झऱ्यावर तर समद्या रिकाम्याच जातात. तिथं चालते."

तिने घोंगडीवर एक दगड मांडला, हा झरा म्हणाली, आणि त्याच्यापुढे मला ठेवलं. ताईने तेच उचलून धरलं. म्हणाली, मग आपापलं चित्र कळशी समजून रांगेत लावा, रोजच्यासारखं. हे बायकांना नेमकं जमलं. एक लावायची, दुसरी सरकवायची. ठकूबाई प्रत्येकीला जागा देत मला मागे मागे सारत गेली. शेवटी मी पार टोकाला, घोंगडीच्या बाहेर, मातीत.

आवडी बघत राहिली. "आये, तू तर समद्यांच्या आधी येतेस. तुझी कळशी शेवटी कशी?"

"तुझं तान्हं रडतं, म्हणून तुला पुढं सोडते. बनूचे गुडघे दुखतात, तिला सोडते. सोडता सोडता झरा दमतो." ती हसली. "लेकीकडं नात्याला चाल्ले मी. सोमवारी."

मग बनुबाई चिडल्यासारखी म्हणाली, "तूच हसत 'जा गो, जा गो' म्हणतेस. आमाला वाटलं, एकटीला लागतं किती." आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या दुपारी ठरलं. एकेका घराने एकेक चित्र घ्यायचं, झऱ्याजवळच्या जांभळीला ओळीने टांगायचं. आज पहिलं ते उद्या शेवटी. दुसरा नेम बनुबाईने घातला, की आपली पाळी कुणाला द्यायची नाय, दया आली तरी नाय. मला घ्यायला कोणी तयार नव्हतं. ठकूबाई म्हणाली, ही माझीच हाय.

दुसऱ्या दिवशी मी पहिला होतो. आवडी तान्ह्याला घेऊन आली, तशी ठकूबाई सवयीने बाजूला सरकली.

"नेम म्हंजे नेम," आवडी म्हणाली. "भर तू. नायतर सासू मलाच बोलेल."

म्हातारीने वाटी वाटी करून कळशी काठोकाठ भरली. उचलताना पाणी हिंदकळलं आणि थेंब माझ्यावर पडले. भाभींची निळी शाई चित्रातल्या कळशीच्या पोटात पसरली.

ठकूबाई नात्याला गेली, पण चार दिवसांसाठी. पाळी चुकेल म्हणून परत आली.

पुढे काही वर्षांनी वाडीत नळ आला, पण पाळीचा नेम तिथंही राहिला. दिव्याला वाळवीने खाल्लं, झाड कुठल्याशा पावसात विरघळलं. मी ठकूबाईच्या कोनाड्यात आहे, सुखात आहे. ती आता फार चालत नाही. तिची कळशी आवडी भरते, तिच्या पाळीलाच.

बाबांनो, कुणी आपुलकीने विचारलं, कसं चाललंय, तर नुसतं चांगलं चित्र उचलू नका. माझ्यासारखा एखादा कडेला पडलेला असतो, त्यालाही हात लावा. मला आता कोनाड्यातून काढून बघितलंत तर कळशी आडवीच दिसेल, पण तिच्या पोटात शाईचं निळं पाणी आहे. त्या सकाळपासून मी काही अगदीच रिकामा नाही.