चार हजार तीनशे

"बाई, हा आकडा आत्ताच्या आत्ता पुसा!"

वर्गाच्या दारात एका पोरीचा बाप उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पोरीची वही. सातवीचा अख्खा वर्ग वळून बघत होता. पोरगी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलेली.

झालं होतं ते असं. शाळेत भिंतीवर मोठा पडदा आला होता. त्यावर क्षेत्रफळाचा धडा लागायचा. रंगीत चौकोन यायचे, पोरं सुरात उत्तरं द्यायची. एक दिवस बाईंनी विचारलं, "आपलं शेत कसं मोजाल?" पडद्यावरचं शेत सरळ चौकोनी, आणि आमच्याकडे एकही बांध सरळ नाही. मग बाईंनी दोरीला मीटरमीटरवर गाठी मारल्या आणि पोरांना रानात नेलं. वाकड्या शेताचे त्रिकोण पाडायचे, एकेक मोजायचा, बेरीज करायची.

या पोरीनं बापाचं आणि काकाचं शेत निवडलं, शेजारी शेजारी म्हणून. आजोबांनी दोघा भावांना अगदी सारखं वाटून दिलेलं, हे गावाला ठाऊक. पोरीच्या वहीत बापाचं शेत भरलं चार हजार तीनशे चौरस मीटर आणि काकाचं तीन हजार नऊशे. आणि या वह्या उद्या पालकसभेत भिंतीवर लागणार होत्या.

आवाज ऐकून हेडमास्तर धावत आले. "बाई, पडदा दिलाय ना? मग त्यावरच शिकवा की. ही दोरी कशाला गावात भांडणं लावायला? पुसा आणि मोकळ्या व्हा."

"चुकला असेल तर पुसते, सर," बाई म्हणाल्या. त्यांनी खडू ठेवला आणि गाठींची दोरी उचलली. "चला, तुमच्यासमोर पुन्हा मोजू."

"चला!" बाप गुरकावला. "बारा वर्षांची पोर मला माझं रान शिकवणार!"

बाप, पोरगी, बाई आणि हेडमास्तर शेतावर आले तेव्हा काका पलीकडे खुरपत होता. मान वर करून त्यानं पाहिलं आणि परत खाली घातली. सहा वर्षांत दोघा भावांत कामापुरतंही बोलणं नव्हतं.

पोरीनं एका कोपऱ्यात खुंटी ठोकली. बापानं दुसरं टोक धरलं. पहिली बाजू झाली. बांधाजवळच्या बाजूला मात्र बाप बांधापासून चांगला दोन हात आत उभा राहिला.

"बाबा, बांधापाशी धरा ना."

"धरलंय."

"नाही, बाबा. तुम्ही आत उभे आहात."

बापाच्या कपाळाची शीर तटतटली. बाई एक पाऊल पुढे झाल्या. पोरीचे डोळे भरले होते, तरी दोरी तिनं सोडली नाही.

"काय चाललंय तिकडे?" काका खुरपं टाकून बांधावर आला.

पोरीनं बापाकडे पाहिलं. बापानं आपल्या पायाकडे पाहिलं. दर नांगरटीला बोट बोट, कधी वीतभर त्यानं बांध कोरला होता. एका झटक्यात कधीच नाही. त्यामुळे आपण काही घेतलंय असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं. आता सगळं मिळून दोन मीटर झालं होतं.

दोन पावलं मागे सरून तो बांधाला टेकला.

"आता बरोबर धरलंय का गं?" त्यानं विचारलं.

"हो, बाबा."

सगळं मोजून झालं. पोरीनं मातीत बसून बेरीज केली, एकदा, दोनदा. "चार हजार तीनशेच येतंय."

"बांध मी कोरला," बाप भावाला म्हणाला.

"माहीत आहे मला, दादा." काकाचा आवाज कडक होता. "दर पावसाळ्यात बघतोय. मी बोलायचं थांबवलं ते कशामुळे, हे एकदा तरी विचारलंस?"

बापानं काकाच्याच रानातली कुदळ उचलली आणि बांधावर पहिला घाव घातला. काका तसाच बघत राहिला. दहा-बारा घाव झाल्यावर त्यानं फावडं आणलं आणि माती बांधाच्या जुन्या जागेकडे ओढायला लागला. हेडमास्तर केव्हाच निघून गेले होते. जाताना दोरी बंद, असं बाईंना बजावून गेले.

दम लागला तेव्हा दोघं टेकले, मध्ये हातभर अंतर ठेवून. काकानं घाम पुसला आणि पुतणीला विचारलं, "ते त्रिकोणाचं काय असतं गं? मी चौथीतच शाळा सोडली."

पोरीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. तिनं काडीनं भुसभुशीत मातीत त्रिकोण काढला. "ही बाजू म्हणजे पाया. पाया गुणिले उंची, आणि त्याचं निम्मं."

काका वाकून बघू लागला. बाप थोडा वेळ लांबूनच बघत होता. मग सरकत जवळ आला, भावाच्या खांद्यावरून डोकावला.

"आणि उंची," त्यानं विचारलं, "ती कुठून धरायची?"