सकाळी आठलाच झालेलं काम

तीस वर्षं मी शाळेत व्याकरण शिकवलं. पूर्ण वर्तमानकाळ एका वाक्यात सांगायची: काम संपलेलं आहे आणि त्याचा परिणाम आत्ता समोर आहे. ‘मी जेवले आहे’ म्हणजे पोट आत्ता भरलेलं आहे. उपाशी माणसानं असं म्हणू नये. एवढी साधी गोष्ट माझ्याच पोटच्या पोरानं पायदळी तुडवली.

माझा मुलगा शिशिर इथं हिंदी मुलखात, उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. रविवारी जेवता जेवता त्यानं सांगितलं, तेही नेहमीसारखं हिंदीत, की पंधरा दिवसांपूर्वी दयाराम नावाच्या फिटरची तीन बोटं यंत्राच्या पट्ट्यात गेली. ग्रीस लावायला काढलेली पट्ट्यावरची संरक्षक जाळी कुणी परत बसवलीच नव्हती. पण कंपनी म्हणते, जाळी दयारामनेच काढली. कारण त्या दिवशीच्या तपासणीच्या तक्त्यावर लिहिलंय, ‘जाली लगाई जा चुकी है’, म्हणजे जाळी बसवलेली आहे, आणि खाली शिशिरची सही.

मी विचारलं, तू जाळी पाहिली होतीस का? नाही म्हणाला. सुटताना बस पकडायची घाई असते, म्हणून सगळेच जण पाळी सुरू होतानाच अख्ख्या दिवसाचा तक्ता भरून टाकतात. आता तो तक्ता खरा होता असं लिहिलेल्या कागदावर त्याला सोमवारी सही करायची होती. केली नाही तर नोकरीवर गदा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, न झालेल्या कामाला सकाळी आठ वाजता ‘झालं आहे’ म्हणता, आणि दुपारी माणसाची बोटं तुटली की तोच कागद त्याच्या तोंडावर फेकता? सगळेच करतात म्हणे! मी त्याला ताटावरून उठवलं, तो कागद घ्यायला लावला आणि रिक्षा करून भनपुरीला दयारामच्या घरी नेलं.

दयाराम बाहेर बाजेवर बसला होता, हाताला बँडेज. भंडाऱ्याकडचा माणूस, पन्नाशीचा. आम्हाला पाहून उठायला लागला. शिशिर काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “मीच काढली असन जाळी, भैया. मले आठवत नाही, पण कागदावर तं लिहून आहे.”

मला चीड आली ती ह्याची. बोटं तर गेलीच होती, वरून स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही गेला होता.

 आता शिशिर मराठीत बोलला, अडखळत. “तुम्ही नाही काढली, काका. जाळी तिथं नव्हतीच. मी न पाहताच सकाळी आठला लिहिलं.”

 शिशिरनं खिशातला कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर तेच सगळं लिहिलं आणि सही केली. नोकरी राहील की जाईल, ते मी त्याला विचारलं नाही. त्यानं तो वाचून दाखवायला तोंड उघडलं, तर दयारामनं बँडेज नसलेला हात वर केला.

“थांबा भैया, माह्या बायकोले, विजयाले बोलावतो. तिच्यासमोर वाचा. पंधरा दिवसांपासून ती मले बेफिकीर म्हणून राहिली.”