न जुळलेला ताळेबंद

बाबा निवृत्त कंडक्टर. जन्मभर धावत्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून त्यांनी तिकिटांचे हिशेब तोंडी केले आणि तोच बाणा लेकीत उतरवला. पाहुणे आले की तिला पुढे करून आकडे विचारायचे, आणि तिने फाडकन उत्तर दिलं की यांची मान ताठ. "कागद लागतो कच्च्या माणसाला," हे त्यांचं लाडकं वाक्य. लेकीने ते इतकं मनावर घेतलं की अकाउंटन्सीच्या परीक्षेतही ती नुसती उत्तरं लिहून यायची, आणि नापास व्हायची.

ऑफिसात ती बिलं चढवायची. तिथल्या हिशेबनीस बाईंनी आपल्या हाताखालची जागा तिच्यासाठी अडवून धरली होती, पण फक्त पुढच्या निकालापर्यंत. तिची तपासलेली उत्तरपत्रिकाही बाईंनीच मागवायला लावली. घरी बापलेकीने ती उघडली. घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्राच्या किमतीत दरवर्षी होणाऱ्या घटीच्या, चुकलेल्या आकड्याशेजारी तपासनिसाने लाल शाईत विचारलं होतं, 'हे कुठून आलं?' आणि पुढे भोपळा.

"थोडक्यात तर चुकलंय," बाबा म्हणाले. "निम्मे तरी मार्क द्यायचे."

"कशाचे देणार? मी डोक्यात काय केलं ते त्यांना दिसणार आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. तिने आकडा लिहिला रे लिहिला की यांचं सुरू, "कुठून आलं?" नुसता वैताग आणला त्यांनी. बेरीज-वजाबाकी मांडून दाखवायची तिला आधी लाज वाटे, चारचौघांत बोटं मोजल्यासारखी. हळूहळू सवय झाली. उत्तराआधी टीप, म्हणजे आकडा कसा आला ते, शेजारी मांडल्याशिवाय तिचा हात पुढे सरकेना.

आणि ऐन परीक्षेत ताळेबंद जुळला नाही. मालमत्तेची बाजू फुगलेली. पूर्वीची ती असती तर तेवढा फरक कुठेतरी गुपचूप कोंबून मोकळी झाली असती. पण शेजारी टिपा मांडलेल्या होत्या, त्यांच्यादेखत तिला ते करवेना. बेरजा होत्या तशा ठेवून तिने पेपर दिला. चूक सापडली ती जिना उतरताना. घसारा नफ्यातून वजा केला होता, यंत्राच्या किमतीतून करायचाच राहिला होता.

"जुळला नाही, बाबा," दारातच ती म्हणाली. तिला रडू येत होतं.

"टिपा लिहिल्यास?"

"सगळ्या."

"मग झालं तर," बाबा म्हणाले खरे, पण त्यांचा चहा तसाच निवला.

निकाल लागला. त्या प्रश्नात चुकीपुरतेच मार्क कापले होते, बाकी सगळे पदरात. ती पास झाली आणि बाईंनी टेबल रिकामं करून दिलं. त्या दिवशी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

रविवारी बाबांचा जुना ड्रायव्हर दोस्त आला. बाबांनी सवयीने लेकीला हाक मारली. ती आकड्यांच्या तयारीनेच बाहेर आली.

"ही बघ," बाबा म्हणाले. "ताळेबंद जुळला नाही, तरी पास झाली."

"ते कसं काय बुवा?"

बाबांनी खिशातून पेन काढलं.

"जरा कागद आण गं," ते म्हणाले. "याला मांडून दाखवतो."