पान एक्केचाळीस

“अहो, भाषांतराच्या कंपनीचे हिशेब बघून तुम्हाला करायचंय काय?” कंपनी नोंदणी कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

“मुलगी तिथं नोकरीला लागतेय. त्यासाठी ती उद्या बँकेतल्या नोकरीचा राजीनामा देणार आहे.”

“मग तिलाच विचारू द्या की त्यांना!”

भाषांतरकारांनी कपाळाला हात लावला. हा तिसरा हेलपाटा. तीस वर्षं लोकांची कागदपत्रं या भाषेतून त्या भाषेत नेली, पण आपल्याच धंद्यातली कंपनी किती पाण्यात आहे ते कळेल तर शपथ! भाषांतर कंपन्यांच्या यादीत हिचा नंबर सतरावा, आणि उलाढालीपुढे ‘अंदाजे’. अंदाज कुणाचा? तर कंपनीनंच कळवलेला! वेबसाइटवर नुसते हसरे चेहरे. फोन केला की गाणं लागायचं.

काल मुलगी भडकलीच होती. “बाबा, मुलाखतीला त्यांनीच वार्षिक अहवाल वाचायला दिला. आपल्या भाषेत आहे, अख्खा वाचला मी. घाबरण्यासारखं एक अक्षर नाही. तुम्ही उगाच खोडा घालू नका.”

चार वाजत आले तेव्हा बाईंना दया आली की कटकट नको झाली, कोण जाणे. त्यांनी अहवालाची प्रत काढून दिली. भाषांतरकार उभ्याउभ्याच पानं उलटू लागले. एक्केचाळिसाव्या पानावर लेखापरीक्षकांचं मत होतं: ‘कंपनीच्या पुढील वाटचालीबाबत सजग राहणे उचित ठरेल.’

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘उचित ठरेल’ ही त्यांची स्वतःचीच जुनी खोड.

गेल्या वर्षी एका एजन्सीकडून भाषांतराला बारा पानं आली होती. नेहमीप्रमाणे कंपनीचं नाव काळं केलेलं. मूळ मजकुरात स्वच्छ लिहिलं होतं की कंपनी वर्षभर तग धरेल का याची शंका आहे. सोबत एजन्सीची चिठ्ठी होती, ‘भाषा जरा मवाळ ठेवा.’ त्यांनी ठेवली. वर, वाचताना भाषांतर वाटतच नाही, ही शाबासकीही घेतली. मेल्या, कुणाच्या पोरीसाठी लिहितोयस ते तरी बघायचंस!

तिथल्याच बाकावर बसून त्यांनी ते वाक्य पेन्सिलीनं खोडलं आणि समासात नव्यानं लिहिलं. मग धापा टाकत घर गाठलं.

मुलगीही नुकतीच आली होती. तिनं समास वाचला.

“असं नव्हतं हे. मी वाचलं तेव्हा...”

“तेव्हाचं माझं होतं. मीच केलं होतं ते भाषांतर.”

तिनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

“बाबा, मी दुपारीच राजीनामा देऊन आले. उद्यावर ठेवला असता तर तुम्ही अडवलं असतं.”

ते खुर्चीत बसले. तिनं कागद उजेडात धरून पुन्हा वाचला. या खेपेला भाषांतर अचूक होतं.