साडेसहा नंबरचा पाय

घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "मोठीचे पाय किती नाजूक!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पायांचं काय एवढं कौतुक? तरी दोन वर्षांपूर्वी ताईने धावायचे बूट पाच नंबरचे घेतले, तेव्हा मीही ठणकावलं, "मला पण पाचच!" तेव्हापासून आई दुकानात आम्हाला न नेताच एकाच नंबरचे दोन जोड घेऊन येते. पाय वाढत गेला, मी बोटं आखडत गेले. कबूल कोण करणार? मी? अजिबात नाही.

मग उजव्या पायाच्या करंगळीवर कुरूप आलं. औषधी पट्ट्या लावल्या, गरम पाण्यात पाय बुडवून बसले, डॉक्टरांकडून तीनदा तासून घेतलं. महिन्याभरात स्वारी पुन्हा हजर! त्यातच शाळेतल्या खेळाच्या सरांनी जाहीर केलं की रिलेचा शेवटचा टप्पा ताई धावणार की मी, हे ते अडीच महिन्यांनी घड्याळ लावून ठरवतील. शेवटचा टप्पा म्हणजे फीत छातीवर, फोटो पेपरात. गेल्या वर्षीचा ताईचा फोटो आईने फ्रिजवर चिकटवलाय. दूध काढायला गेलं की समोर तीच!

शेवटी सर्जन म्हणाले, "कापून काढू."

करंगळीत इंजेक्शन दिलं तेव्हा मी जी किंचाळले, ती म्हणे लिफ्टपर्यंत ऐकू गेली. मग बोट बधिर झालं. आई उशाशी, ताई पडद्याबाहेर बाकावर.

"आत हाडाचं टोक वर आलंय, तेही घासतो," सर्जन म्हणाले. "बूट कितीचा?"

"पाच," आईनेच सांगितलं. "दोघींचा एकच नंबर."

"सैल बसतो ना? घट्ट असेल तर सहा महिन्यांत पुन्हा याच टेबलावर भेटू."

सहा महिन्यांत पुन्हा? म्हणजे तोवर ताई धावणार, मी बाकावर. पण खरं बोलले तर बाहेर बसलेली ती ऐकणार! मी डोळे गच्च मिटले.

"साडेसहा," मी म्हणाले. "मैत्रिणीचे घालून बघितलेत."

"अगं बये! दोन वर्षं?" आई उडालीच.

पडद्यामागून खी खी सुरू झालं. "साडेसहा? अगं, होडी आहे का पाय आहे?"

"तू गप्प बस गं!" मी टेबलावरूनच ओरडले.

"पाय हलवू नकोस," सर्जन म्हणाले, पण तेही हसत होते.

दोन आठवड्यांनी टाके निघाले, महिन्याने साडेसहाचे बूट आले, मग हळूहळू पळायला लागले. करंगळी शब्दही काढत नव्हती.

ठरलेल्या दिवशी सरांनी घड्याळ लावलं. ताई माझ्यापुढे पाव सेकंद. शेवटचा टप्पा तिचा, तिसरा माझा. म्हणजे आता मीच धावत जाऊन तिच्या हातात बॅटन द्यायचं! इतकी जळले, इतकी जळले, की पाण्याची बाटली लाथेने उडवली. त्याच पायाने. दुखलं नाही. बूट छान, बोट छान, आता सबब तरी काय सांगणार?

घरी जाताना मी ताईला म्हटलं, "उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर पळशील?"

"तुला हरवायला? रोज!"

"साडेपाचला उठव," मी म्हणाले. "आणि पाव सेकंद जपून ठेव, मी घ्यायला येतेय."