दुर्बिणीची थ्री-नॉट-थ्री

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. पंच्याऐंशी साल उजाडलं तरी परळच्या मिलचं फाटक उघडेना, तेव्हा गुणाजी परबनं गिरगावातल्या एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर शांता धुरंधर एकट्याच राहायच्या. आठवडाभर पेशंट आणि रविवारी नेमबाजी. वडिलांनी परवान्यावर जमवलेल्या जुन्या लष्करी रायफली त्यांनी पोटच्या पोरांसारख्या जपल्या होत्या. एके दिवशी एक लांबलचक पेटी वर न्यायला त्यांनी गुणाजीला हाक मारली. घरात पेटी उघडली आणि गुणाजी तिच्यावर वाकला.

आत थ्री-नॉट-थ्री रायफल होती. वर काळी दुर्बीण, दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उशी.

"हिची मूळची दुर्बीण शोधण्यात माझी सहा वर्षं गेली," शांताबाई म्हणाल्या. "ओळखता वाटतं?"

"एकाहत्तरच्या लढाईत अशाच एकीच्या बाजूला पडून होतो, बाई. रायफल लहूची. मी शेजारी मोठी दुर्बीण घेऊन वारा बघायचो आणि त्याला सांगायचो."

लहू त्याच्या शेजारच्या वाडीतला. पलटणीत दोघांची जोडी, पेन्शनीवर आल्यावर मिलही एकच, चाळही एकच. संप लांबत गेला तशी लहूनं घरातली भांडी विकली आणि बायकापोरांना घेऊन तो गावाला गेला. "महिन्याभरात येतो रे," म्हणाला. गावात काविळीनं गेला. गुणाजीला कळलं तेव्हा त्याचं तेरावंही होऊन गेलं होतं. त्यानंतर गुणाजीनं गावाचं नाव काढलं नाही.

"मारून बघायचीय?" शांताबाईंनी विचारलं.

सगळ्या लढाईत ती रायफल त्यानं लहूच्या गालाशीच पाहिली होती. तिच्या दुर्बिणीतून लहूला काय दिसत असेल, ते एकदा बघावं असं त्याला फार वाटायचं. पण लहूची रायफल मागायची कशी? आणि आता विचारायला लहूच नव्हता.

"बघायचीय," तो म्हणाला.

रविवारी त्या त्याला शहराबाहेरच्या रेंजवर घेऊन गेल्या. डोंगराच्या पोटाशी नेमासाठी काळा ठिपका काढलेले पांढरे फळे उभे होते. गुणाजी सतरंजीवर पालथा पडला, उशीला गाल लावला आणि दुर्बिणीत डोळा घातला.

एक इवलासा गोल. त्यात फळा. बस्स. बाजूचं गवत नाही, वाऱ्याचं निशाण नाही, डोंगर नाही.

एवढंच दिसायचं त्याला! वारा कुठून येतोय, झाडीत कोण हललं, आपल्यावर कुणाची नळी रोखलेली आहे, यातलं लहूला काहीच दिसत नव्हतं. गुणाजी सांगेल तेवढं खरं मानून तो निवांत पडून राहायचा. कधी मान वळवून त्यानं खात्री करून घेतली नव्हती.

गुणाजीनं चाप ओढला. खांद्याला दणका बसला. गोळी फळ्याच्या बाहेर मातीत गेली.

"आणखी एक मारा," शांताबाई म्हणाल्या.

"नको. तुम्ही मारा. मी बाजूला पडतो."

त्या पडल्या. गुणाजीनं त्यांची निरखायची दुर्बीण जवळ ओढली. गवत डावीकडं झुकत होतं. त्यानं सवयीनं आवाज खाली नेला. "वारा उजवीकडून. एक बोट उजवीकडं धर. थांब... थांब... हं, मार लहू."

बार झाला. गोळी काळ्या ठिपक्यात बसली होती. शांताबाईंनी फळ्याकडं पाहिलं, मग गुणाजीकडं. तो उपड्या हातानं डोळे पुसत होता. रायफल मोकळी करून त्यांनी बाजूला ठेवली आणि थर्मासमधला चहा त्याच्यापुढं केला. तो पिता पिता गुणाजी लहूबद्दल बोलू लागला. ऊन चढेपर्यंत बोलत होता.

संध्याकाळी चाळीत त्याची बायको मालन वाटच बघत होती.

"मगे? मारलात काय बार?"

"मारलंय."

"लागलो?"

"नाय." गुणाजी मोरीत हातपाय धुऊन आला, तिच्यासमोर बसला. "मालन, ह्या शिमग्याक गावाक जावया. सोनूवयनीक भेटाक."

लहू गेल्यापासून त्याच्या बायकोचं नाव गुणाजीनं आज पहिल्यांदा घेतलं होतं. मालननं हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

"जावया," ती म्हणाली. "तिका बरा वाटात."