देवमनच्या नावाची चकती

मी एक जुनी मिलिंग मशीन आहे, मित्रांनो, आणि डूख धरणारी आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

संगणक सांगेल त्या रेघेवर धातू कोरायचा, हे माझं काम. अमरावतीच्या राजापेठेत रजियाबीने निव्वळ हौसेपोटी मला घरातच जुळवलं. मोटार भंगारातली, पण माझी रेघ अशी की केसाएवढी चूक सापडायची नाही. शेजारच्या बाया हसायच्या, शिलाई मशीन सोडून हे काय घेऊन बसली म्हणायच्या. हसेनात का बापड्या.

पुढे मी पेरणी यंत्राच्या चकत्या कोरू लागले. चकतीच्या एकेका भोकातून सोयाबीनचा एकेक दाणा मातीत पडतो. तेव्हा वऱ्हाडात पाऊस दगा द्यायचा, दुबार पेरणी करावी लागायची, म्हणून दाणा न् दाणा मोलाचा. माझ्या चकतीत दाणा फुटत नसे. रजियाबी प्रत्येकीवर बारीक अक्षरात 'रजिया' कोरून घ्यायची आणि लोक ते नाव बघूनच चकती मागायचे. मी नुसती फुगून जायचे.

अकोल्याचा दुकानदार देवमन आमच्या चकत्या विकायचा. त्या मेल्याने काय करावं? माझ्या चकतीचा साचा काढून हलक्या धातूच्या तशाच ओतून घेतल्या, नावासकट! भोकं खडबडीत, दाणे अडकून फुटले. शेतं उगवली नाहीत आणि शिव्या आल्या रजियाबीच्या दारात. जानराव नावाच्या शेतकऱ्याने चकती उंबऱ्यावर ठेवली. म्हणाले, "तुमच्या नावावर भरोसा ठेवला, रजियाबी. माहं वावर पडीक राहिलं."

ती खूप रडली. कामं बंद झाली. आणि मला, मित्रांनो, मला लग्नाच्या ताटवाट्यांवर नावं घालायला बसवलं! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. देवमनचं बोट एकदा माझ्या कटरखाली यावं, एवढंच मागत होते.

पण ताटांवर नावं घालता घालताच रजियाबीला युक्ती सुचली. तिने जानरावांना बोलावून खरी आणि खोटी चकती शेजारी ठेवून दाखवली. मग खोटी माझ्यावर कसली आणि 'रजिया'वर मोठ्या अक्षरात कोरलं, 'देवमन'.

"ज्याचा माल, त्याचंच नाव पाहिजे न," ती म्हणाली.

जानराव गावोगावच्या चकत्या घेऊन आले. काय चवीने कोरल्या मी! लोकांनी त्या नेऊन देवमनच्या गल्ल्यावर आपटल्या. आमच्याकडे पुन्हा गिऱ्हाईक आलं.

शेवटी देवमन गोणीभर चकत्या घेऊन आला. हात जोडले. "नाव तेवढं काढून द्या, बाई. कोणी पायरी नाही चढून राहिलं."

"बसा, भाऊ," रजियाबी म्हणाली.

तिने वरचीच चकती लावली. मी त्याच अक्षरांवरून पुन्हा फिरले, पुन्हा फिरले, आरपार जाईपर्यंत. 'व'चं पोट टणकन खाली पडलं. तिने चकती दाराकडे धरली, तर उजेडात लख्ख 'देवमन'.

"आता लाख घासा, भाऊ. नाही जात."

तर मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल द्या, धातूचा चुरा पुसा, तिच्यावर कपडे वाळत घालू नका. आणि तिच्या मालकिणीच्या नावाला हात लावू नका. ती चकती आमच्या दारावर टांगली आहे. वारा आला की वाजते. मला फार बरं वाटतं.